खंडेनवमीची सफाई

हं, टाळकरी मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. मृदंगालाही दम खाऊ द्या. आणि ही पुढं बसलेली चिल्लीपिल्ली — या, या, अजून पुढं सरका! आजचं आख्यान तुमच्यासाठी आहे. मागं मोठी माणसं बसली आहेत, त्यांनी ऐकलं तरी माझी हरकत नाही!

आधी एक प्रश्न. आपल्या हातून चूक झाली — साधी नव्हे, चांगली जबर चूक — तर ती सांगायची वेळ कोणती?

हं, तू सांग. "आई हसत असेल तेव्हा!" वा! आणि तू, चष्मेवाली? "बाबा झोपले असतील तेव्हा!" शाबास गं बाई! झोपलेल्या बापाच्या कानात कबुली!

हसू नका मंडळी. आपण मोठेही तेच करतो. पाहुणे जाऊ देत म्हणतो. सणाचा दिवस आहे, आज नको म्हणतो. वेळ शोधत बसतो. पण माझा प्रश्न पुढंच आहे. आपण वेळ शोधत बसलेलो असतो, तेव्हा ती चूक काय करत असते? तीही आपल्याबरोबर गप्प बसते का? सांगा! — नाही ना सांगता येत? मग ऐका.

सोलापुरात एक हातमाग-यंत्रमागाचा कारखाना. मालक अंबादास चिलवेरी. आवाज असा, की माग चालू असतानाही पलीकडच्या गल्लीत ऐकू जावा! पण कारखान्याचं नाव होतं ते त्याच्या वडिलांमुळं. नरसय्या त्यांचं नाव. पद्मशाली विणकरांच्या घरांत आजोबांना 'ताता' म्हणतात, म्हणून लहानथोर सगळे त्यांना ताताच म्हणायचे. ताता नक्षीकार. चादरीवरची नक्षी म्हणजे काय असतं, बाळांनो? चौकटी! हजारो बारीक चौकटी. या चौकटीत धागा वर, त्या चौकटीत धागा खाली. ताता आलेखाच्या कागदावर शाईनं एकेक चौकट भरायचे. चाळीस वर्षं भरली. चारशे अठरा नक्षी झाल्या.

मग डोळ्यांत काचबिंदू शिरला. आधी कडा धूसर झाल्या, मग मधलं गेलं, मग सगळंच गेलं. आणि कागदांना लागली वाळवी! तेव्हा भाग्यलक्ष्मी गुंडेटी नावाची पोरगी कामाला आली. कॉम्प्युटर शिकलेली. तातांनी तिला शेजारी बसवलं. उरलेसुरले कागद ती डोळ्यांनी वाचायची, वाळवीनं खाल्लेलं ताता आठवून सांगायचे. तीन वर्षं लागली, तोवर उरलेले कागदही वाळवीनं संपवले. चारशे अठराच्या चारशे अठरा नक्षी कॉम्प्युटरात उतरल्या. शेवटची उतरली तेव्हा ताता म्हणाले, "भाग्या, आता माझे डोळे तुझ्या पेटीत आहेत हां. सांभाळ."

आता ही पेटी झाली म्हातारी. एक फाइल उघडायला सांगावी आणि चहा पिऊन यावं! आत तबकडी फिरणारी जुनी डिस्क होती, ती खडखडायला लागली. तेव्हा श्रावणात सिद्राम आला. सिद्राम हत्तुरे, कॉम्प्युटर दुरुस्तीवाला. त्यानं खिशातून एक वस्तू काढली. केवढी? च्युइंग गमच्या पट्टीएवढी! तिला म्हणतात एसएसडी. आत चाक नाही, सुई नाही, आवाज नाही. फिरत काहीच नाही! नुसत्या चिपा, आणि त्यांत सगळं लिहिलेलं. सिद्रामनं नक्षी तिच्यावर उतरवल्या, जुनी डिस्क भंगारात गेली, आणि कॉम्प्युटर असा पळायला लागला — बोट लावायचा अवकाश, नक्षी हजर!

दुसरी प्रत काढून ठेवली का? चष्मेवालीनं बरोब्बर विचारलं! भाग्यानंही विचारलं होतं. अंबादास म्हणाला, "दसरा झाल्यावर बघू."

आली खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा. सुतार करवत पुजतो, विणकर माग पुजतो. आणि पुजायच्या आधी काय करायचं? सफाई! सकाळपासून सगळे कामगार आपापला माग झाडत होते. कापसाची धूळ उडत होती. भाग्या म्हणाली, माझं हत्यार हे. तिनं पडदा पुसला, कळफलकाच्या फटींतली धूळ ब्रशनं काढली. मग मनात आलं — बाहेरून लख्ख, आतून का नको?

इथं मंडळी, सावध!

आत बघते तर 'नक्षी' दोन ठिकाणी. एक समोर पडद्यावर, एक आत कप्प्यात. तिला वाटलं, सिद्राम चुकून दोनदा उतरवून गेला. सणाच्या दिवशी पसारा कशाला? समोरची ठेवली, आतली काढून टाकली. आता काढलेलं जातं कुठं? कॉम्प्युटरच्या केराच्या टोपलीत. तिथं राहिलं असतं तर काही बिघडलं नसतं, उचलून परत ठेवता आलं असतं! पण खंडेनवमीला केर ठेवायचा नाही, ही तिच्या आईची शिकवण. म्हणून टोपलीही रिकामी केली. आणि पडद्यावर पद्मशालींचे मूळपुरुष मार्कंडेय ऋषींचं चित्र लावून हात जोडले!

तेवढ्यात अंबादास ओरडला, "भाग्या! देवाशेजारी तातांची एखादी नक्षी लाव गं!"

तिनं समोरच्या 'नक्षी'वर बोट मारलं. पडद्यावर अक्षरं आली — सापडत नाही.

पुन्हा मारलं. सापडत नाही!

मंडळी, समोर होती ती नक्षी नव्हतीच. ती नुसती वाट दाखवणारी खूण. दारावरची पाटी! पोरीनं पाटी ठेवली होती आणि घर पाडलं होतं.

मोबाइल घेऊन ती सुताच्या खोलीत पळाली.

"सिद्रामभाऊ, नक्षी गेली. टोपली पण रिकामी केली."

"काय सांगलालीस!" तिकडून सिद्राम. "किती वेळ झाला?"

"पाच मिनिटं. जुन्या डिस्कवरनं तुम्ही एकदा परत आणलेलं ना? तसंच आणा ना."

"ते जुनं वेगळं होतं, बाई. जुन्यात नुसती अनुक्रमणिका फाटायची, धडे जागेवर असायचे. ही नवी तशी नाही. हिला एकदा सांगितलं ना हा केर आहे, की ही स्वतःच झाडून काढती. आणि कधी झाडती माहितीय? काम नसतं तेव्हा! आपल्याला वाटतं गप्प बसलीय. ती आतनं झाडायलीय!"

"मग?"

"वीज तोड! रीतीनं बंद करत बसू नको, सरळ वायर उपट. मग पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवू. मिळेल का, सांगता येत नाही. पण चालू राहिली तर काहीच राहणार नाही बघ. पळ!"

पळाली ती. आणि दारातच थबकली.

पूजा सुरू झाली होती!

चाळीस माणसं मांडी घालून बसलेली. मधोमध टेबल, त्यावर कॉम्प्युटर, झेंडूचा हार, समया. पुढं पाटावर ताता, पांढरंशुभ्र धोतर, बंद डोळे. आणि वायर? टेबलाच्या पाठीमागं, हाराखाली. तिथं पोचायचं म्हणजे सगळ्यांना ओलांडून देवाच्या अंगावरून हात घालायचा! त्यात कारखान्याची रीत अशी, की पुजलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायचं नाही. कॉम्प्युटर उद्यापर्यंत असाच तेवत राहणार. काही काम न करता!

तिनं एक पाऊल टाकलं. अंबादासनं डोळे वटारले. "मध्ये फिरू नये पूजेत. बस."

बसली.

आता तिच्या मनात काय चाललं होतं ते बघा. म्हणाली, पूजा होऊ दे, मग सांगते. सणाला विघ्न नको. तातांना सगळ्यांसमोर नको, एकट्याला गाठून सांगते. किती शहाणे विचार! यातला एकतरी वाईट आहे का, मंडळी? एकही नाही! आणि पडद्यावर देवाचं चित्र शांत. आत झाडू चाललेला.

बसल्याबसल्याच गणपतीची आरती सुरू झाली. सर्र... एक नक्षी. देवीची सुरू झाली. सर्र... आणखी एक. तिला टाळ्या ऐकू येईनात, झाडूच ऐकू यायला लागला.

मग तिनं देवाला साकडं घातलं. काय मागितलं? — "देवा, लाइट जाऊ दे!"

हसा! पण देवानं ऐकलं बरं का! खट्ट! दिवे गेले, पंखे थांबले. भाग्याच्या जिवात जीव आला. आणि टेबलाखालून आवाज आला — पीप... पीप... पीप...

काय होतं ते? बॅटरी! वीज गेली तरी कॉम्प्युटर चालू ठेवणारी. अंबादासनंच आणलेली. अंधारात देवाचं चित्र झळाळत राहिलं. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. एक म्हातारी म्हणाली, "बघा माय, देव विझला न्हाई!"

एकटी भाग्या टाळ्या वाजवत नव्हती.

दोन मिनिटांत वीज परत आली. तिसरी आरती सुरू झाली. आणि तिच्या लक्षात आलं — आपण देवाकडं लाइट जायला सांगतोय, कारण आपल्याला तोंड उघडायचं नाहीये. देवानं आपल्या वतीनं कबुली द्यावी असं म्हणतोय.

उठली ती.

"ताता!" आवाज फाटला. आरती अडखळली. "ताता, माझ्या हातनं तुमच्या नक्षी पुसल्या गेल्या. सगळ्या. मशीन बंद करायला पाहिजे. आत्ताच्या आत्ता!"

मग अंबादासचा तो आवाज! "डोकं फिरलं का तुझं? चालू पूजेत हत्यार विझवायचं? वर्षाचा अपशकुन! अन् पुसल्या म्हणजे? चारशे नक्षी पुसल्या म्हणजे काय गं?"

"अंबादास, थांब," ताता म्हणाले. त्यांनी मान आवाजाकडं वळवली. "भाग्या, किती वेळ झाला?"

"पंचवीस मिनिटं, ताता."

"बंद करायला पाहिजे, हे कधी कळलं?"

ती पडद्याकडं बघू लागली.

"विचारतोय."

"वीस मिनिटांपूर्वी."

"मग ही वीस मिनिटं तू कुणाची पूजा करत होतीस, पोरी?"

देवाची? नाही. स्वतःच्या भीतीची! तिच्यापुढंच हात जोडून बसली होती.

ताता पाटावरून उठले. "वायर कुठंय? माझा हात ने तिथं." तिनं त्यांचा हात धरला, हाराखालून घातला, बॅटरीतून कॉम्प्युटरात जाणाऱ्या वायरीवर टेकवला. आणि त्या आंधळ्या म्हाताऱ्यानं एका हिसक्यात वायर उपटली! पडदा काळा. देव गेला. चाळीस माणसांच्या तोंडून एकच 'अरे!'

ताता पाटावर परत बसले. म्हणाले, "देव काय काचेत बसलाय का? आरती अर्धी राहिलीय. म्हणा पुढं."

एसएसडी पुण्याला गेली. महिनाभर अंबादास तिच्याशी बोलेना. मग निरोप आला. चारशे अठरापैकी दोनशे नव्वद धड मिळाल्या. काही अर्ध्यामुर्ध्या, तुटक्या. बाकीच्या — नाहीत. कुठंच नाहीत.

दोनशे नव्वद! वाचल्या म्हणायच्या की गेल्या म्हणायच्या? दोन्ही म्हणा. अंबादासनं त्याच दिवशी तीन प्रती काढल्या आणि तीन घरांत ठेवल्या. त्यालाही दसरा होईपर्यंत थांबायचं होतं ना!

आणि ताता? त्यांनी भाग्याला पुन्हा शेजारी बसवलं. "लिही. अकरा पाकळ्यांचं कमळ. लग्नाच्या वर्षी केलेलं." डोळे मिटून सांगायला लागले, दोन वर, तीन खाली, एक वर. ती चौकटी भरत गेली. चार पाकळ्या झाल्या. सहा झाल्या. आठ झाल्या. आणि ताता थांबले. बोटं हवेत तशीच.

"पुढचं येत नाही गं," म्हणाले. "आठच ठेव."

ती चादर अजून विकली जाते, मंडळी. आठ पाकळ्यांचं कमळ. गिऱ्हाइकाला वाटतं, किती सुंदर! विणकराला विचारा. तो म्हणेल, अजून तीन होत्या. त्या वीस मिनिटांत झाडल्या गेल्या.

आता कळलं, बाळांनो, आपण गप्प बसतो तेव्हा चूक काय करते? ती बसत नाही. तिचा झाडू चालू असतो. आणि ती काय झाडून नेते, हे आपल्याला नंतर कळतं, तेही सगळं नाही कळत. भाग्या वाईट होती का? मुळीच नाही. बोलली! चाळीस माणसांत उभी राहून बोलली, म्हणून दोनशे नव्वद वाचल्या. पण वीस मिनिटं उशिरा बोलली, म्हणून तीन पाकळ्या गेल्या.

मला तुमच्या मनातलं काही माहीत नाही. पण एवढी माणसं बसली आहेत. कुणी भावाशी बोललेलं नसेल. कुणी काही लपवलं असेल, कुणी परीक्षेचा कागद दप्तराच्या तळाशी दडवला असेल — ए, खाली बघू नकोस, तुलाच नाही म्हणालो! तुम्ही म्हणाल, कीर्तन संपू दे, आरती होऊ दे, प्रसाद घेऊ आणि मग बघू.

नाही. आज आरती थांबेल. टाळ खालीच राहू द्या. ज्याला उठून कुणाकडं जायचं आहे, त्यानं आत्ता उठावं. कुणी मागं वळून बघणार नाही, मीही डोळे मिटून घेतो. तुम्ही परत आलात की आरती सुरू करू.