नोटीस बोर्डाची प्रत

सुदेश : सर, आधी बसा तरी. चहा सांगतो.

सहदेव : चहा नको. माझ्या खात्यातून कापलेले बेचाळीस हजार परत दे.

सुदेश : प्रणितच्या कर्जाला तुम्ही जामीन राहिलेलात, सर. तुमच्या भाच्याने हप्ते बुडवले. तुमच्या जागी वसुली अधिकारी आता मी आहे, मग मी काय करणार?

सहदेव : अरे, पण ते पैसे माझे नव्हतेच! आमच्या मोहने गावातल्या सोसायटीचे, गच्चीच्या गळतीच्या दुरुस्तीचे. चौदा घरांकडून मी खजिनदार म्हणून गोळा केले.

सुदेश : मग तुमच्या खात्यात कसे गेले?

सहदेव : सोसायटीची बँक लांब, माझे गुडघे धरलेले. म्हटलं, तूर्त आपल्या पतसंस्थेत ठेवू, सोमवारी तिकडे भरू.

सुदेश : सर, तुम्हीच शिकवलंत. लोकांचा पैसा त्याच दिवशी त्यांच्या खात्यात. स्वतःच्या खात्यात ठेवलात तर फौजदारीही होऊ शकते.

सहदेव : टेबलावर मूठ आपटून शिकवलं. नव्याने लागलेली दोन पोरं रडली होती. आणि माझे तीन सोमवार गेले.

सुदेश : कापायच्या आधी नोटीस पण पाठवलेली.

सहदेव : मिळाली. वाचली नाही.

सुदेश : का?

सहदेव : मसुदा माझाच ना! बायकोला कौतुकाने दाखवली, ‘बघ, अजून माझीच भाषा चालते.’ खाली जामीनदार म्हणून नाव कुणाचं आहे, ते दोघांनीही पाहिलं नाही.

सुदेश : सर, हसताय काय! तुमची एफडी आहे ना इथे? मोडा, आजच सोसायटीत भरून टाका. कोणाला कळणार पण नाही.

सहदेव : मोडायचा अर्ज लिहूनच आणलाय. घे. पण तळमजल्यावरच्या आवडाबाई मासळी विकून तीन हजार देऊन गेल्या. पावती देतो म्हटलं, तर म्हणाल्या, ‘तुमच्याकडं दिलं म्हंजे बँकेतच दिलं.’ तेव्हापासून त्यांच्या दारावरून जाताना मी फोनवर बोलायचं नाटक करतो. लाज वाटते रे.

सुदेश : मग काय करायचं?

सहदेव : वसुलीची पावती काढलीस?

सुदेश : हो. तुमच्या नावाने.

सहदेव : दोन प्रती दे. एक मला, एक सोसायटीच्या नोटीस बोर्डाला. खाली मी लिहीन, कापले गेले ते पैसे तुमचे होते.

सुदेश : सर, अख्खी बिल्डिंग वाचेल.

सहदेव : वाचू दे. आणि चार टाचण्याही दे. आमच्या खजिनदाराने आणलेल्या नाहीत.