हूवु आणि हुल्लु

माझ्या कन्नडला हसता ना? मग हे ऐकाच. बोगादीत आमच्या शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर रेन लिली आपोआप पसरली आहे. मी आणि शेजारच्या सुलभाकाकू रोज सकाळी तिथे पाकळ्या मोजत फिरतो. सगळ्या फुलांना सहा. त्या दिवशी एकाला निघाल्या आठ!

"बी धरेपर्यंत हात लावायचा नाही हं," असं बजावून काकू खुणेची काठी आणायला घरी गेल्या.

तेवढ्यात गवत कापणारा माणूस मशीन घेऊन आला. घर्रर्र करत थेट त्या फुलाकडे! मी आडवी उभी राहून ओरडले, "हूवु बेडा! हुल्लु बेकु!" म्हणजे गवत नको, फुलं हवीत.

त्यानं मशीन बंद केलं, मान डोलावली. मी काकूंना आणायला धावले.

परत येऊन बघतो तर प्लॉटवर एक फूल नाही.

"काय सांगितलंस ग त्याला?"

मी शब्द न् शब्द सांगितला. काकू मटकन खाली बसल्या. "अय्यो! हूवु म्हणजे फूल, हुल्लु म्हणजे गवत!"

तो माणूस मात्र खुशीत काहीतरी सांगत होता.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, मॅडमच्या गवताची एक काडीसुद्धा तोडली नाही."