पेव फोडायचा दिवस

माझं म्हायेर औरादकडलं. बाप सालगडी, पर नागपूरला दीक्षेला जाऊन आलेला मानूस. आल्यावर त्यानं घरातले देव काढले आन् रोज दिवेलागनीला आमाला नागपूरच सांगायचा, किती मानसं, किती बायका. तवापास्नं माझ्या मनात एकच, एकदा नागपूर बघायचं. लगीन होऊन मुडबीला आले तवा मालकाला पहिली गोष्ट हीच सांगितली. मालक हासले, म्हनले जाऊ की, त्यात काय.

मालक सडकंच्या गँगीत होते, हुमनाबादकडच्या सडकंवर. खड्डे बुजवायचे, डांबर टाकायचं, कडंचे चर खांदायचे. सरकारी काम, म्हातारपनी पेन्शन, म्हनून लोकं मान द्यायचे. गावालगत एक तुकडा रान बी होतं. एका साली सुगी लई झाली आन् मालकानं त्याच रानात पेव भरलं.

पेव तुमाला म्हाईत हाय का अण्णा? आता कोन भरतंय. कडक मुरमात खोल खड्डा खांदायचा, आतून सरमाड, म्हंजी वाळला कडबा, लावायचं, जवारी भरायची, वर फरशी टाकून शेनमातीनं लिंपायचं. वर्सं गेली तरी दाना तसाच ऱ्हातोय. पर एकदा फोडलं की समदं काढावं लागतंय, वारं लागलं की दाना जातोय. थोडं काढून पुन्हा झाकू म्हनलं तर जमत न्हाई. मी म्हनायची, अवो फोडा की, जवारी विकू, दोघं नागपूरला जाऊन येऊ. ते म्हनायचे, हेवढ्यासाठी कामून फोडायलीस, काम सुटल्यावर फोडू, मग बसून खाऊ, नागपूरला बी जाऊ. काय सांगू तुमाला, दुष्काळात आमी रेशनची लाल मिलो, ती परदेशी जवारी, खाल्ली, आन् पांढरी जवारी आमच्या पायाखाली होती.

त्यांचं बी खोटं न्हवतं. त्यांचा बाप म्हातारपनी घरोघर भाकर मागत फिरला, तसलाच गावचा रिवाज होता आमच्या लोकांना. धम्म घेतला तवा भाकर मागायचं बंद झालं. आमाला पोरगा न्हाई, एक पोरगी, ती नौबादला दिलेली. मालक म्हनायचे, माझा बाप दारात उभा ऱ्हायला, मी ऱ्हानार न्हाई.

काम सुटायच्या आधी दोन-तीन पावसाळे सडक रुंद केली. पान्याला वाट म्हनून चर खांदला, तो आमच्या बांधाला लागूनच, पेवाच्या जवळनं. खांदनाऱ्यात मालकच म्होरं. त्यांना कळालं न्हाई का, म्हनता? कळालं नसंल. सरकारी काम नीट करायचं, हेवढंच त्या मानसाला कळत होतं.

शेवटच्या दिवशी गँगीनं हार घातला, नारळ दिला. दुसऱ्या दिवशी पेव फोडलं. मी घर सारवलं होतं, परात घासून ठेवली होती, आज नव्या पिठाच्या भाकरी म्हनून. फरशी सरकवली आन् वासावरूनच कळालं मला. आंबूस, शिंदीवानी वास. आतली वाफ गेल्यावर दोरानं मानूस उतरवला, त्यानं पाटी भरून वर दिली, तर काळी ढेकळं. चराचं पानी मुरमातनं झिरपलं होतं. मालकानं पाटीकडं बघितलं, मग चराकडं बघितलं.

मी म्हनले जाऊ द्या, पेन्शन हाय, आता तरी चला. तर म्हनले, आता तेवढंच ऱ्हायलंय, त्याला हात लावला तर मग भाकरच मागायची का? पहिल्यापरीस जास्तच आवळून धरलं. चहात साखर बंद. पाय सुजले तर हुमनाबादच्या दवाखान्याला बी यायनात. म्होरच्या थंडीत गेले.

मला अजून राग यायलाय त्यांचा. आन् राग तरी कुन्या तोंडानं करू? त्यांच्या पेन्शनीतलं मलाच मिळायलंय, मी कुनाच्या दारात उभी न्हाई. व्हय, त्यांनी म्हनल्यावानी झालं. तेच न्हाईत.

नागपूरला गेले मी. गावातल्या बाया निघाल्या, त्यांच्या संगं. झाडाखाली भाकर सोडली आन् सवयीनं दोन वाटे केले. एक खाल्ला. दुसरा हातातच ऱ्हायला. बाजूला एक म्हातारा-म्हातारी बसले होते, त्यांना दिला. म्हातारा म्हनला, अक्का, जवारी कुठली, गोड हाय. मला लई रडू आलं.

आता पेन्शन आली की थोडी पोस्टात टाकते, थोड्याचं खाते, नातीला जिलबी नेते. तुमी बी ठेवा अण्णा, ठेवू नका म्हनत न्हाई मी. पर तुमच्या घरात बी कुनीतरी काईतरी मागायलं असंल. ते औंदाच करा. जावा आता, दोघं नवराबायकू सुखात ऱ्हावा.