सरकारजमा शेवंती

...आणि वर मलाच विचारतात, "झेनोनभाऊ, कुरकुरता कशाला, सरकारनं घेतली ना तुमची फुलं?" घेतली हो, घेतली! पण कशी घेतली ते कुणी विचारत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो, बसा जरा.

आमचं शेवंतीचं काचघर आहे, तार्नूवच्या अलीकडे, गावच्या दफनभूमीला अगदी लागून. वर्षभर राबायचं ते एका दिवसासाठी. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला अख्खा पोलंड आपापल्या माणसांच्या कबरींवर दिवे लावतो आणि शेवंती ठेवतो. कबरीवरच, बरं का! वाढदिवसाला कुणाकडे शेवंती घेऊन गेलात तर तो तुम्हाला जिन्यावरून ढकलून देईल. म्हणजे हा सण सरला की माझं फूल कुणाच्या बापाला नको, कारण ते मुळात घ्यायचंच बापासाठी असतं.

आता त्या साथीच्या वर्षी नियम कसे बदलत होते तुम्हाला ठाऊक आहेच, पाव आणायला बाहेर पडावं तर परत येईपर्यंत बाहेर पडण्याचाच नियम बदललेला. आधी सांगितलं, दफनभूमीत गर्दी करू नका. बरं. मग सांगितलं, सणाच्या आधीच जाऊन या. तेही बरं. शुक्रवारी मी आणि बायको ब्रोन्या, दोघांनी कमरेचे टाके ढिले होईस्तोवर कुंड्या वाहिल्या, फाटकापाशी नुसता पिवळा-पांढरा गालिचा, आणि दुपारी टीव्हीवरचे साहेब म्हणतात काय, तर उद्यापासून सगळ्या दफनभूम्या बंद. उद्यापासून! सण परवावर आलेला, कुंड्या रस्त्यावर, आणि मी... मी जागच्या जागी गार.

ब्रोन्या एका कुंडीतलं पिवळं पान खुडत बसली. ती रडत असती तर मला बरं वाटलं असतं.

मग आली मदत. सरकार म्हणालं, न विकली गेलेली शेवंती आम्ही घेतो. आम्ही अर्ज केला, माणूस आला, कुंड्या मोजल्या, फोटो काढले आणि निघून गेला. कुंड्या तिथेच! मी फोन लावला. तिकडून एक बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "न्यायला गाडी येईल हो काका, तोवर सांभाळा. आता त्या सरकारच्या आहेत. विकायच्या नाहीत, कुणाला द्यायच्या नाहीत, आणि वाळू द्यायच्या नाहीत, नाहीतर दंड." म्हणजे काचघर माझं, कोळसा माझा, पाणी माझं, आणि मी सरकारच्या फुलांचा माळी! बापजन्मात असं ऐकलं नव्हतं. पुन्हा गार.

मंगळवारी दफनभूमी उघडली. आणि पहिल्याच बसनं कोण उतरलं, तर अपोलोनियाकाकू. ऐंशी उलटलेली बाई. नवरा खाणीत गेला तिचा, ऐन तारुण्यात, तेव्हापासून दरवर्षी ती त्याच्यासाठी माझ्या वडलांकडून आणि मग माझ्याकडून पांढरी शेवंती नेते. आली, एका कुंडीवर बोट ठेवलं. मी म्हटलं, "काकू, ही देता येत नाही, ही सरकारची आहे." काकू म्हणाली, "भाव वाढवायचा असेल तर सरळ सांग ना, सरकारला कशाला मधे घालतोस?" मी सगळं समजावून सांगितलं, मोजणी, फोटो, दंड. तिनं ऐकून घेतलं, रिकाम्या हातानं आत गेली आणि रिकाम्या हातानं बाहेर आली. बस येईपर्यंत माझ्याकडे पाठ करून उभी होती. तुम्हाला सांगतो, टीव्हीवरच्या साहेबांनी मारलं नाही एवढं मला त्या पाठीनं मारलं.

शेवटी नगरपालिकेची गाडी आली, माणसांनी कुंड्या कोबीसारख्या एकावर एक फेकल्या, आणि नेऊन मांडल्या कुठे? नगरपालिकेच्या दारात! पोलीस ठाण्यासमोर! चौकातल्या वर्तुळात! अहो, आमच्याकडे शेवंती म्हणजे कबर. गाव हादरलं. लोक पोलिसांना विचारायला लागले, तुमच्यातलं कोण गेलं? नगराध्यक्षांच्या बहिणीचा परगावाहून रडत फोन, मला कळवलंसुद्धा नाहीत म्हणून, आणि फोन उचलला खुद्द नगराध्यक्षांनी! मी तिसऱ्यांदा गार.

एवढी शोभा झाल्यावर कुंड्या गुपचूप उचलल्या आणि जाहीर केलं, ज्याला हवी त्यानं एक फुकट न्यावी. काकूला काही थंडीत रांग झेपणार नाही, म्हणून मीच जाऊन उभा राहिलो. हो, माझ्याच फुलांसाठी, मास्क लावून, दोन-दोन मीटर सोडून. नंबर आला तेव्हा तिथल्या पोरीनं एक पिचकी, एका अंगानं काळवंडलेली पांढरी कुंडी माझ्या हातात दिली. मला ओळखते कुठे ती! म्हणते, "काका, पाणी मुळाशी घाला, फुलावर नाही. आणि जपा हं, जिवापाड वाढवलेली असतात ही."

मी म्हटलं, "बरं, बाई."

तशीच बस धरून काकूच्या गावी गेलो. तिनं दार उघडलं, कुंडी हातात घेतली, फिरवून फिरवून बघितली. मला आत बोलावलं, चहा केला, खसखशीचा केक कापला. राग गेला होता बहुतेक. पुन्हा कुंडीकडे बघितलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तू एवढ्या लांब आलास हे खरं रे, पण झेनोन, काही म्हण, तुझ्या फुलांची सर या सरकारी मालाला नाही."

मी म्हटलं, "नाही काकू," आणि केक खाल्ला.