सामाईक विहिरीची पाळी

माझं माहेर पाथर्डीकडचं, डोंगराच्या अंगाला. तिकडं प्यायला टँकरचं पानी, आन दिवाळी झाली की कोयता घेऊन उसाच्या फडावर जायाचं. म्हनून इकडं सोनईच्या बाजूला दिलं तवा आई म्हनली, पोरी, तुज्या घरी विहीर हाय. काय सांगू तुमाला, लगीन हून आले आन आधी त्या विहिरीत वाकून बघितलं, नवरा नंतर बघितला. हसू नका, खरं सांगते.

विहीर सामाईक, दोघा भावांची. आमचे हे थोरले, बाळू भावजी धाकले. सासऱ्यांना समदी तात्या म्हनायची. तात्यांनी वाटनी केली तवा दोघांना म्होरं बसवून सांगितलं, एक आठवडा थोरल्याचं पानी, एक आठवडा धाकल्याचं, सोमवारी सकाळी पाळी बदलायची. तवा डिझेलचं इंजिन हुतं, कवाबी हँडल मारा आन पानी काढा. कागदावर कुटं न्हाई, नुसता तोंडचा शब्द, पन कुनी मोडला न्हाई. तात्या गेले, इंजिन गेलं, लाईटची मोटर आली, शब्द तसाच ऱ्हायला.

आता शेतीची लाईट कशी, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रातीची, ती बी सोमवारीच बदलायची. म्हंजी बघा, आमची पाळी दिवसाच्या आठवड्यात पडली ती पडलीच, आन भावजींची कायम रातीच्या. आमी उजेडात पानी देतोय, ते अंधारात. आधी कुनाला काय वाटलं न्हाई. पन मग उसात बिबट्या आला. शेजारच्या वस्तीवरची कालवड नेली, कुत्री तर ऱ्हायलीच न्हाईत. माझी जाऊ शालन, रातीचा आठवडा आला की दारात बसून ऱ्हायाची, नवरा घरी येईस्तवर घास खायाची न्हाई.

तर भावजी आले, वट्यावर बसले, म्हनले, दादा, आठवडा मोडू, अर्धा तू घे अर्धा मी घेतो, म्हंजी दिवस बी दोघांना आन रात बी दोघांना. हे म्हनले, तात्यांचा शब्द हाय. भावजी म्हनले, तात्यांच्या येळंला मोटर कुटं हुती. हे म्हनले, आज आठवडा मोडशील, उद्या बांध मोडशील. झालं. आमचे हे वाईट न्हाईत हो, पन एकदा न्हाई म्हनले की त्यांचं त्यांनाच मागं फिरता येत न्हाई. मी म्हनले, अवो, त्यांची लेकरं ल्हान हाईत. तर म्हनले, तू मधी पडू नको.

मग भावजींकडनं वकिलाची नोटीस आली आन नेवाशाच्या कोर्टात दावा लागला. गंमत सांगू का, सुरवातीच्या तारखांना दोघं एकाच मोटरसायकलवर जायाचे. ह्यांना गाडी येत न्हाई, म्हनून भावजी चालवायचे, हे मागं. मी दोघांची भाकरी एकाच फडक्यात बांधून द्यायचे, लिंबाखाली बसून खायाचे, आन मग आत जाऊन एकमेकाच्या इरोधात उभं ऱ्हायाचे. मग वकील म्हनले, असं संगं येत जाऊ नका, दावा कच्चा दिसतो. त्यांचं तरी काय चुकलं, त्यांचं ते कामच. तवापासनं हे एसटीनं जायाला लागले. त्या सकाळी एकट्याची भाकरी बांधताना मला लई रडू आलं. पुडं बोलनं बंद झालं, लेकरांचं येनं-जानं बंद झालं. तारखा तेवढ्या पडत ऱ्हायल्या.

शेवटी लोकअदालतीत बसवलं, मी बी गेल्ते. तितल्या म्याडमनी समदं ऐकून घेतलं आन ह्यांना म्हनल्या, काका, तुमी रातीचं पानी द्यायला शेवटचं कवा गेल्ता? हे बोटांवर मोजाया लागले, मधीच थांबले. मग म्हनले, लिवा म्याडम, अर्धा आठवडा. सह्या झाल्या, मिटलं. मला वाटलं, आता बोलत्याल. पन भाईर आले आन एक स्टँडकडं, एक गाडीकडं.

मागल्या म्हैन्यात ह्यांची पहिली रातीची पाळी आली. साठी उलटली, गुडघे दुखत्यात, पोरगं पुन्याला कंपनीत. बॅटरी घेतली आन एकलेच गेले. मी शालनसारखी दारात बसले. आन बांधावरनं डबा वाजायला लागला, तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा असतो ना, काठीनं बडवायचा, म्हंजी बिबट्या जवळ येत न्हाई. मला वाटलं हेच वाजवित्यात. मग म्हनलं, वाफ्यात वाकून पानी लावनारा मानूस डबा कसा वाजवील? सकाळी आले, च्या दिला, इच्चारलं, कोन हुतं? म्हनले, बाळू हुता. काय बोलले भावजी? काय न्हाई. आन तुमी? मी बी न्हाई.

आता भावजींच्या रातीला हे जात्यात, काठी आन डबा घेऊन. लोकअदालतीच्या कागदात ते कुटं लिवलेलं न्हाई, मी बी कदी म्हनले न्हाई. बोलत अजून न्हाईत. देव दोघांना आवक्ष देवो, बोलत्याल तवा बोलत्याल. डबा वाजतोय तवर शालन बी जेवून झोपती आन मी बी झोपते.