लोंडेकाच्या हातातलं कडं

मी, बोंगेकिले सिथेबे, वय ५३ वर्षे, व्यवसाय अध्यापक महाविद्यालयात व्याख्याता, राहणार चर्चमागची वस्ती, डोर्नक्लूफ, आज रोजी पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर होऊन सांगते की,

शाळेत मुलांना वर्णावरून, घरच्या रीतींवरून हिणवले जाते ते ओळखायचे कसे आणि तिथल्या तिथे अडवायचे कसे, हा विषय मी होणाऱ्या शिक्षकांना शिकवते. त्याचा सराव आम्ही वर्गात करतो. त्यात मुलांना हिणवणाऱ्या शिक्षिकेचे सोंग मी घेते आणि मुली मला अडवतात. आधी नीट शब्दांत सांगायचे, नाही ऐकले तर मुलाच्या पुढे उभे राहायचे, पण समोरच्याच्या अंगाला हात लावायचा नाही, असा माझा नियम आहे. आरोपी फिंदिले न्त्शांगासे, वय २२, ही माझी विद्यार्थिनी. सरावात ती सगळ्यांत कच्ची. मी सोंग घेतले की तिला हसू फुटायचे.

आज सकाळी दुसऱ्या तासाला गावातील, पूर्वी फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या शाळेत तिचा तिसरीच्या वर्गावर पाठ होता. मी गुण देण्यासाठी मागच्या बाकावर बसले होते. वर्गाच्या बाई मिसेस स्वानेपूल खिडकीपाशी होत्या. पाठ चांगला चालला होता.

पहिल्या रांगेत लोंडेका नावाची आठ वर्षांची मुलगी बसते. तिचे वडील गेल्या वर्षी खाणीत वारले. मागच्या शनिवारी त्यांच्या आत्म्याला घरी आणण्याचा विधी झाला, बकरा कापला आणि त्याच्या कातड्याचे कडे तिच्या मनगटात घातले. ते आपोआप गळून पडेपर्यंत काढायचे नसते, काढायचेच झाले तर घरच्या वडीलधाऱ्यांनी. हा जबाब लिहून घेणारे सार्जंट न्योका आमच्यातलेच आहेत, त्यांना हे सांगण्याची गरज नाही, पण कोर्टात वाचणाऱ्यांसाठी लिहावे. पहिले काही दिवस त्याला वास येतो. येणारच.

मिसेस स्वानेपूल म्हणाल्या, "कसला घाण वास मारतोय. हा वर्ग आहे, खाटकाचं दुकान नाही." मग टेबलावरची मोठी कात्री घेऊन त्या मुलीजवळ गेल्या आणि तिचा हात धरला. मुलगी रडली नाही. तिने मूठ आवळली.

फिंदिले म्हणाली, "मॅडम, ते कापू नका. तिच्या वडिलांचं आहे ते."

मिसेस स्वानेपूल म्हणाल्या, "तू शिकायला आलीयेस ना इथं? मग बघ आणि शीक."

फिंदिले मध्ये जाऊन उभी राहिली. बाईंनी तिला कोपराने बाजूला सारले आणि कात्रीचे एक पाते कड्याच्या आत घातले. कडे घट्ट होते. पाते मुलीच्या कातडीला लागून होते, हे मी माझ्या जागेवरून पाहिले. तेव्हा फिंदिलेने बाईंचे मनगट धरले. बाईंनी हिसका दिला, कात्री बाहेर आली आणि त्यांच्याच दुसऱ्या तळहातावर ओरखडली. फिंदिलेने ढकलले नाही, मारले नाही. मनगट धरले, एवढेच.

मी त्या वेळी काही बोलले नाही. पाठ चालू असताना निरीक्षकाने बोलायचे नाही, अशी आमच्यात पद्धत आहे. मी पेन धरून बसून राहिले. याची मला लाज वाटते आणि तसे लिहावे.

मिसेस स्वानेपूल यांनी मारहाणीची तक्रार केली. पोलिसांनी फिंदिलेला नेल्यावर मुख्याध्यापक मिस्टर हार्टमन यांनी मला खोलीत बोलावून चहा दिला. ते म्हणाले, "मॅडम, तुमचा नियमच आहे ना, हात लावायचा नाही? तेवढंच सांगा. मुलीनं नियम मोडला. तुमचं कॉलेज मोकळं, आमची शाळा मोकळी. नाहीतर पुढच्या वर्षी तुमच्या मुली सरावाला कुठं पाठवणार?" मी चहा घेतला नाही. माझ्या प्राचार्यांचा फोन आला, तेही तेच म्हणाले. मारहाण सिद्ध झाली तर फिंदिलेला शिक्षक म्हणून कधीही नोंदणी मिळणार नाही, हे त्या दोघांनाही माहीत आहे.

तरी मी सांगते की, तिने हात लावला आणि माझा नियम मोडला. मोडला नसता तर त्या लेकराचे मनगट कापले असते. नियम माझा आहे आणि तो तिथे कुचकामी होता. त्याची शिक्षा त्या पोरीला देऊ नये.

मी शाळेतून निघाले तेव्हा मधली सुट्टी झाली होती. लोंडेका फाटकापाशी माझी वाट पाहत उभी होती. तिचे मनगट मोकळे होते. कागदकामाच्या छोट्या कात्रीने तिने ते कडे स्वतःच कापले होते. किती वेळ लागला असेल कोण जाणे, मनगटाला ओरखडे होते. तुकडे तिने रुमालात बांधून माझ्या हातात दिले. आमच्यात आजीच्या वयाच्या बाईला गोगो म्हणतात. ती म्हणाली, "गोगो, हे पोलिसांना द्या. माझ्यामुळं मिसला नेलं. आता काढलं मी. आता सोडतील ना तिला?"

मी तिला हो म्हणाले.

तो रुमाल पुरावा म्हणून मागण्यात आला. मी दिला नाही. तो तिच्या आजीच्या घरी जाईल. सार्जंट न्योका यांनी पुन्हा मागितला नाही. फिंदिले या क्षणी पलीकडच्या कोठडीत आहे.

हा जबाब मला झुलू भाषेत वाचून दाखवला. त्यात 'किरकोळ गैरसमजातून झटापट' असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले. बाकी सर्व मी सांगितले तसेच आणि खरे आहे.