नाकात दहा किलो तांदूळ

नाही, पण मला एक सांगा, आमटीच्या पळीला भोकं पाडतं का हो कोणी? मी आपली वाढायला गेले, पळी वर काढली, तर आमटी सगळी खाली पातेल्यात आणि पळीत उरलं एक कढीपत्त्याचं पान! मी ओरडले, "अहो, हे काय!" तर आमचे श्रीपादराव आतल्या खोलीतून, अगदी शांतपणे, "नवीन ड्रिल आहे, हात बसवत होतो. आणि हलकी झाली की नाही बघ! शेवटी वजनाचा प्रश्न आहे, चित्रा!"

वजनाचा प्रश्न! पळीच्या! का? तर हे विमान बांधतायत. हसू नका, खरं विमान! आधी ते रिमोटवरची छोटी विमानं करायचे, तोवर ठीक होतं हो, फार तर समोरच्या नीरजाताईंच्या कुरडयांवर पडायची, मी जाऊन माफी मागायची, विषय संपला. पण रिटायर झाले आणि कुठूनसे नकाशे मागवले, म्हणाले आता आत बसून उडवायचं. एका माणसाचं, छोटंसं. कुठे? डोंबिवलीत, वन बीएचकेत! पंखाच्या बरगड्या आमच्या डबल बेडवर, आणि आम्ही दोघं हॉलमध्ये सतरंजीवर! आणि प्रत्येक तुकडा माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचा. स्क्रू तोलायचा, वॉशर तोलायचा, रंगाचा हात दिला की परत तोलायचा... मी पोह्यांसाठी काटा मागितला तर "थांब, बिजागरी चाललीय!" अर्धा ग्रॅम वाचला की घरात दिवाळी. मी म्हटलं, अहो अर्ध्या ग्रॅमनं काय होतंय? तर लगेच, "वजनाचा प्रश्न आहे, चित्रा!"

शेवटी सोसायटीनं नोटीस लावली, तेव्हा देवासारखे धावून आले ते यांच्या ओळखीतले आनंदाभाऊ. शहाडच्या पुढे त्यांची जमीन, जुने जमीनदार, मन नदीएवढं. बाकीच्या जमिनीवर टॉवर उभे राहिले, पण एक लांबच लांब पट्टा तसाच सपाट पडून, कारण भावकीत कोर्टात वाद चाललाय आणि कोणालाच तिथे वीटसुद्धा लावता येत नाही. रनवेच म्हणा ना! आनंदाभाऊ म्हणाले, "साहेब, आना तुमचा विमान आमचे गोडावनमदी! आमचे गावान हेलिकॉप्टरमदून नवरा आलाय, पन घरान बांधलेला विमान कोनी नाय बगला!" झालं! तेव्हापासून आमचे हे दर रविवारी शहाडला. आणि घरी आल्यावर भूक नाही. का हो भूक नाही? "काही नाही गं, आनंदाभाऊंच्या सगुणावहिनींनी आग्रह केला, जरा भाकरी खाल्ली." जरा भाकरी! शर्टाला मटणाच्या रश्श्याचा वास, बोटांना सुक्या जवळ्याचा वास, आणि हे विमानाचा रंग पातळ लावतायत! असं किती वर्षं चालावं? आठ! विमान दर महिन्याला हलकं होत होतं आणि हे... नवरा आहे, काय बोलणार?

मग आला तो दिवस. विमान तयार. उडवायची परवानगी अजून यायचीय, त्या दिवशी नुसतं जमिनीवरून पळवून बघायचं होतं. पण हे आनंदाभाऊंना कोण सांगणार? त्यांनी मांडव घातलेला, डीजे आणलेला, अख्खा गाव जेवायला! सगुणावहिनींनी विमानाला ओवाळलं, नारळ फोडला, नाकावरच्या पंख्याला हा एवढा झेंडूचा हार, खाली लिंबू-मिरची. आमचे हे मागून कळवळून, "अहो वहिनी, हार... वजन..." तर वहिनी म्हणाल्या, "रव दे भावजी, देवाचा हार कंदी जड होतो का?"

मग तीन चाकांखाली तीन काटे ठेवले. विमान भरलं बरोब्बर नकाशात लिहिल्याएवढं, उलट थोडं कमीच! यांचे डोळे भरून आले हो. टाळ्या, शिट्ट्या, डीजे. मग म्हणाले, आता पायलटचं वजन, आणि ऐटीत काट्यावर चढले. मी काट्याकडे बघितलं. मग यांच्याकडे बघितलं. नकाशात पायलट सत्तर किलोच्या आत पाहिजे, आणि काटा दाखवतोय एक्क्याण्णव!

डीजे बंद. खरं सांगते, इतके दिवस मी चिडचिड केली, पण त्या क्षणी त्यांचा चेहरा बघवेना. आठ वर्षं ग्रॅम ग्रॅम वाचवलेला माणूस, आणि स्वतःला एकदा काट्यावर उभं करायचं राहूनच गेलं! आनंदाभाऊ म्हणाले, "साहेब, बसा तुमी बिंदास, लिवलेला काय सगलाच पालायचा असतो?" तर हे म्हणाले, "नाही. नकाशात लिहिलंय." आणि खाली उतरून मांडवाच्या खांबाला टेकून उभे राहिले. मग एकेक जण काट्यावर! आनंदाभाऊ चढले तर काटाच घाबरला. त्यांचे भाऊ, त्यांचे मेहुणे... गावात सगळा मटण-भाकरीचा ऐवज हो, सत्तरच्या आत कोण मिळणार? आणि मग सगळे एकदम वळून माझ्याकडे बघायला लागले.

मी बावन्न किलो! मी चालवते काय, तर अ‍ॅक्टिव्हा, तीही फडके रोडला पार्किंग मिळत नाही म्हणून क्वचित! पण ते खांबाला टेकलेले हे... तोंडातून निघून गेलं, "मी बसते." यांचा चेहरा असा उजळला, असा उजळला, लग्नातसुद्धा नव्हता उजळला! धावत आले, कागदावर आकडेमोड केली आणि कपाळाला हात लावला. "चित्रा, तू कमी पडतेस." म्हटलं, आता काय? तर म्हणे, पायलट हलका असला की विमानाचं नाक वर जातं, पुढे वजन टाकावं लागेल. किती? दहा किलो! अहो, ज्या माणसानं माझ्या पळीला भोकं पाडली, त्या माणसानं सगुणावहिनींच्या कणगीतले दहा किलो तांदूळ गोणीत भरून, माझ्या पायांपुढे, विमानाच्या नाकात कोंबले! मी नुसतं बघितलं, तर मान खाली घालून हळूच, "वजनाचा प्रश्न आहे, चित्रा."

बसले. पट्टे बांधले. हे कानात ओरडतायत, "फक्त जमिनीवरून! हळू!" इंजिन सुरू झालं, आणि मी म्हटलं, देवा, एवढ्या वेळी सांभाळ, परत नाही चिडणार. वेगाचा दांडा जरा पुढे केला, निघालं, मस्त निघालं! पण भावकीच्या वादात आनंदाभाऊंच्या चुलत्यानं मध्येच एक नवीन बांध घालून ठेवलेला, तो कोणी सांगितलाच नाही! घाबरून मी दांडा मागे ओढायचा तो दाबला पुढे, चाक बांधावर चढलं आणि... आवाजच गेला हो चाकांचा. खडखड एकदम बंद. खाली बघते तर गवत खाली! खाली! मी वर! चार बोटं असेन, हातभर असेन, पण वर! आणि तुम्हाला सांगते, खोटं कशाला बोलू, इतकं छान वाटलं, इतकं छान, की ओरडायचंसुद्धा विसरले. मग धप्पकन खाली, इंजिन बंद, समोर एक म्हैस माझ्याकडे बघत उभी.

मागून सगळा गाव धावत. सगळ्यांत पुढे हे, धापा टाकत, रडत, हसत. माझे दोन्ही हात धरले. मला वाटलं, आता विचारतील लागलं का गं, भ्यालीस का गं... तसं काही नाही. यांनी तांदळाच्या गोणीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मनातल्या मनात हिशेब केला.

तेव्हापासून घरात दोन ताटं. यांच्या ताटात उकडलेला दुधी, माझ्या ताटात तुपाची धार. नाकातल्या दहा किलो तांदळाच्या जागी, सीट जरा मागे म्हणून, माझ्या अंगावर पंधरा चढायला लागतील म्हणे. बत्तीस वर्षांच्या संसारात हा माणूस पहिल्यांदा माझ्या शेजारी बसून, डोळ्यांत डोळे घालून म्हणाला, "चित्रा, पोटभर खा गं, अजून एक घे." आणि कोणासाठी? विमानाच्या नाकासाठी!